सहाध्यायाचा अभिप्राय : 'छान' या शब्दाच्या पुढे



मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कवितेचे विश्लेषण करणारा निबंध लिहावा लागतो. हा निबंध शेजारच्या विद्यार्थ्याला वाचायला देऊन त्याचा अभिप्राय घ्यावा, असे काही समंत्रक संपर्कसत्रात सुचवतात. बहुतेक वेळा हा उपक्रम पाच मिनिटांत आटोपतो. वाचणारा दोन-चार ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो, खाली 'छान लिहिले आहे' असे लिहितो आणि वही परत करतो. लिहिणाऱ्याला काही बोचलेले नसते, त्यामुळे तोही समाधानी असतो. माझे मत असे की, या पाच मिनिटांत दोघांचेही नुकसान होते आणि मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ते अधिक महागात पडते. या मताची कारणे आणि त्यावरचा मार्ग येथे मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

निबंध कोण वाचतो?

नियमित महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातील चर्चा, ग्रंथालयातील गाठीभेटी आणि प्राध्यापकांना दारात गाठून विचारलेली शंका, अशा अनेक वाटा उपलब्ध असतात. मुक्त शिक्षणात त्या वाटा थोड्या असतात. संपर्कसत्रे मोजकी असतात. परीक्षकाचे मत गुणांच्या रूपाने कळते, आणि तोवर निबंध बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे निबंध अजून बदलता येण्याजोगा असताना तो वाचणारा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे सहाध्यायी.

ठाण्यातील वागळे इस्टेटचा परिसर डोळ्यांसमोर आणा. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेची घोषणा झाली, ती याच वसाहतीतील समारंभात. येथील रस्ते अजूनही 'रोड नंबर १६', 'रोड नंबर २२' असे आकड्यांनीच ओळखले जातात. लहान-मोठ्या कारखान्यांच्या शेजारी आता काचेच्या इमारतींतील संगणकीय कचेऱ्या उभ्या आहेत आणि किसननगर, श्रीनगर यांसारख्या दाट वस्त्या त्यांना लागून आहेत. अशा भागातून मराठीच्या वर्गाला येणारा विद्यार्थी कोणी लेथवर काम करणारा असतो, कोणी दुकानात हिशेब लिहिणारी असते, कोणी मुलांना शाळेत सोडून मग स्वतःचे पुस्तक उघडणारी असते. तिने रात्री जागून लिहिलेल्या निबंधाला 'छान' म्हटले गेले आणि पुढे त्याच निबंधाला कमी गुण मिळाले, तर ती काय समजेल? आपल्याला कविता कळत नाही, हे क्षेत्र आपल्यासारख्यांचे नव्हे, असाच निष्कर्ष ती काढण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात तिच्या निबंधात दोनच जागा कच्च्या असतील आणि त्या दाखवायला कोणी थांबलेले नसेल. सहाध्यायाच्या अभिप्रायात एवढे पणाला लागलेले असते.

एक परिच्छेद आणि त्यातील दावे

योगायोग असा की, ज्या १९६२ साली हे महामंडळ स्थापन झाले, त्याच साली नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. कामगारवस्तीतील विद्यार्थ्याला सुर्वे यांची कविता जवळची वाटते, म्हणून उदाहरण तिचेच घेऊ. समजा, तुमच्या सहाध्यायाच्या निबंधात पुढील परिच्छेद आहे. हा नमुना मी या लेखासाठी तयार केला आहे.

'नारायण सुर्वे हे कामगारांचे कवी आहेत. ते स्वतः गिरणीत राबले असल्यामुळे त्यांच्या कवितेत त्यांचे स्वतःचे दुःख आले आहे. गिरणी संपात कामगारांचे जे हाल झाले, त्यांचे दर्शन त्यांच्या कवितेत घडते. त्यांची भाषा साधी, सोपी व बोलीतील आहे. म्हणून ही कविता काळजाला भिडते.'

परिच्छेद नीटनेटका आहे. त्यात एकही लेखनदोष नाही. 'छान' म्हणावे असाच तो आहे. तरीही त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य एक दावा करते आणि एकाही दाव्यासोबत कवितेतील शब्द येत नाही. अभिप्राय देणाऱ्याने येथून सुरुवात करावी. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवावा : हे कवितेत कोठे आहे?

दुसरे वाक्य पाहू. त्यातील चरित्राची माहिती खरी आहे. अनाथ म्हणून सापडलेल्या सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवले. पुढे ते स्वतः गिरणीत काम करते झाले, शाळेत शिपाई झाले आणि नंतर महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. अडचण माहितीची नाही, 'असल्यामुळे' या शब्दाची आहे. गिरणीत हजारो माणसे राबली, त्या सर्वांनी कविता लिहिली नाही. राबणे आणि कविता यांच्यामध्ये जे घडते, तेच तर विश्लेषणाने दाखवायचे असते. शिवाय कवितेतील 'मी' हा कवीच, असे गृहीत धरता येत नाही. भाषाविज्ञानात 'मी' आणि 'तू' ही सर्वनामे वेगळ्या जातीची मानतात, कारण त्यांचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. जो बोलतो, तो 'मी'. कवितेतील 'मी' कोण आहे, हे ती कविताच ठरवते. म्हणून सहाध्यायाने विचारावे : या कवितेत 'मी' कोणाशी बोलतो आहे? एकटा बोलतो की अनेकांच्या वतीने? हे तुम्हाला कोणत्या ओळीवरून कळले?

तिसऱ्या वाक्यातील 'गिरणी संप' वाचताच आपल्या मनात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप येतो. परंतु 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा, 'माझे विद्यापीठ' १९६६ चा आणि 'जाहीरनामा' १९७५ चा. या संग्रहांतील कवितेत १९८२ च्या संपाचे दर्शन घडणे शक्य नाही. त्यापूर्वीही मुंबईत संप झाले होते, आणि लिहिणाऱ्याला त्यांपैकी एखादा अभिप्रेत असेलही. तर मग त्याने कविता आणि संप या दोहोंचा नेमका निर्देश करायला हवा. ही चूक पकडायला विद्वत्ता लागत नाही. संग्रहाचे सुरुवातीचे पान उघडून प्रकाशनवर्ष पाहिले तरी पुरे.

चौथे वाक्य माझ्या विषयाच्या जवळचे आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. 'भाषा साधी, सोपी आहे' हे वाक्य आपण शाळेतील रसग्रहणापासून लिहीत आलो आहोत आणि ते कोणत्याही कवीला चालते. सुर्वे यांच्याबाबत ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी कविता उघडण्याचीही गरज नाही, संग्रहांची नावे पुरेशी आहेत. 'ऐसा' हे आजच्या 'असा'चे जुने रूप. 'गा' हे ज्ञानेश्वरीच्या भाषेत भेटणारे संबोधन. 'ब्रह्म' ही वेदान्तातील संज्ञा. या तिन्हींच्या मध्ये विसाव्या शतकातील महानगरातला एक 'मी' उभा आहे. 'माझे विद्यापीठ' या नावात औपचारिक संस्कृत शब्दाला 'माझे' हे घरगुती विशेषण जोडलेले आहे आणि वाचकाला मॅक्झिम गॉर्कीच्या 'माझी विद्यापीठे' या आत्मकथनाची आठवण होते. 'जाहीरनामा' आणि १९८२ मधील 'सनद' हे शब्द अरबी-फारसीतून राज्यकारभाराच्या वाटेने मराठीत आले. त्यांपैकी पहिल्याला साम्यवादी चळवळीतील प्रसिद्ध जाहीरनाम्याचाही संदर्भ आहे. संतवाणी, विद्यापीठ, दप्तर आणि चळवळ अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील भाषा येथे एकाच कवीच्या हाती आलेली दिसते. तिला 'साधी' म्हणून पुढे जाणे म्हणजे कवीच्या कर्तृत्वाचा मोठा भाग न पाहणे होय. कामगाराची भाषा साधीच असणार, हा समजही त्या विशेषणामागे लपलेला असतो, आणि तो समज कामगारवस्तीतील विद्यार्थ्याने तरी तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

पाचव्या वाक्याबद्दल एवढेच विचारावे : कोणाच्या काळजाला, आणि कोणत्या शब्दापाशी?

अनुभवाची शिदोरी

तुमच्यापैकी अनेकांना कामाचा अनुभव आहे. पाळी, ओव्हरटाइम, हजेरी, कपात हे शब्द तुम्ही कोशातून शिकलेले नाहीत. कवितेचा अर्थ लावताना हा अनुभव उपयोगी पडतो, याविषयी मला शंका नाही. म. वा. धोंड यांच्या 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' या ग्रंथाला १९९७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तांत वावरणाऱ्या रोजच्या जगाकडे त्यांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. वस्तू माहीत असली की प्रतिमा उलगडते, हे त्यातून शिकता येते. कवितेत यंत्र, पगार किंवा चाळीतील नळ आला, तर त्याची माहिती असलेला सहाध्यायी लिहिणाऱ्याला फार मोलाची मदत करू शकतो.

मात्र अनुभवही तपासून घ्यावा लागतो. 'साचा' हा शब्द पाहा. वागळे इस्टेटमधील वर्कशॉपमध्ये साचा म्हणजे ज्यात वस्तू ओततात किंवा घडवतात ते साधन. गिरणगावात साचा म्हणजे कापड विणण्याचा माग, आणि जेथे हे माग चालत ते साचेखाते. गिरणीवरच्या कवितेत हा शब्द आला आणि वाचणाऱ्याने स्वतःच्या कारखान्यातील अर्थ त्यावर चढवला, तर संपूर्ण प्रतिमा चुकेल, आणि ती चूक त्याच्या अनुभवामुळेच होईल. म्हणून 'आमच्याकडे या शब्दाचा अर्थ असा आहे, या कवितेत तोच बसतो का ते दोघे मिळून पाहू' असे म्हणणे योग्य. आपला अनुभव कवितेपुढे पुरावा म्हणून ठेवावा आणि निवाडा कवितेच्या शब्दांवर सोपवावा.

अभिप्रायाची भाषा

मराठीत अभिप्राय देणे अवघड वाटते, याचे एक कारण आपल्या व्याकरणात आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे बदलते : 'तिने मुद्दा मांडला', 'तिने शंका मांडली'. कर्ता 'तू' असला, की त्याच क्रियापदाच्या शेवटी 'स' येतो : 'तू पुरावा दिला नाहीस'. हा एवढासा 'स' वाक्याचा सगळा रोख पुराव्यावरून माणसावर नेतो. ऐकणारा लगेच स्वतःचा बचाव करू लागतो आणि पुरावा बाजूला राहतो. त्याऐवजी 'दुसऱ्या वाक्याला कवितेतील आधार मला सापडला नाही' असे म्हटले, तर बोलणे निबंधावर राहते. शिवाय आधार असूनही तो आपल्याला दिसला नसेल, ही शक्यताही मोकळी राहते.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. 'काही ठिकाणी सुधारणा अपेक्षित आहे' हे वाक्य सरकारी टिपणीसारखे आहे. कोणत्या ठिकाणी, कोणती सुधारणा, हे त्यात नाही. असे वाक्य कोणाला दुखवत नाही आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाही.

आपल्या वर्गात वयाचाही प्रश्न असतो. बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीपुढे पन्नाशीच्या काकांचा किंवा ताईंचा निबंध येतो आणि 'मोठ्यांना मी काय सांगणार' असे वाटून ती 'छान' लिहून मोकळी होते. हा संकोच मी समजू शकतो. पण मराठीत आदर दाखवण्यासाठी 'तुम्ही' आहे, 'आपण' आहे, काका आणि ताई आहेत. आदर त्या शब्दांनी सांभाळावा आणि प्रश्न मात्र पूर्ण विचारावा. 'ताई, तुम्ही म्हणता तो संप कोणत्या साली झाला?' या वाक्यात आदर आणि प्रश्न दोन्ही आहेत. मोठ्या वयात पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या माणसाला खोट्या कौतुकापेक्षा असा प्रश्न अधिक सन्मानाचा वाटावा.

शुद्धलेखनाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. परीक्षेत लेखननियमांना महत्त्व आहे, म्हणून ते तपासावेत, पण शेवटी. जे वाक्य पुढे खोडायचे आहे, त्याची वेलांटी दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तपासतानाही निबंधाची भाषा आणि कवितेची भाषा यांत फरक करावा. आज आपण १९६२ साली शासनमान्य झालेल्या आणि १९७२ मध्ये भर पडलेल्या नियमांनुसार लिहितो. केशवसुतांचा काळ १८६६ ते १९०५ हा. त्यांच्या कवितेतील जुने अनुस्वार उद्धृतात आले असतील, तर ती चूक नव्हे. कवितेत बोलीचे रूप असेल, तर ते प्रमाण भाषेत आणणे म्हणजे कवितेवर हात चालवणे होय. सहाध्यायी बोलताना त्याच्या गावाकडची मराठी बोलत असेल, तर तो अभिप्रायाचा विषयच नाही.

एक आक्षेप

'ज्याला स्वतःलाच कविता नीट कळत नाही, त्याने दुसऱ्याला काय सांगावे?' असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने केंब्रिज विद्यापीठातील व्याख्यानांच्या वेळी कवींची नावे न सांगता कविता वाटल्या, श्रोत्यांची लेखी मते गोळा केली आणि १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात ती तपासली. त्या सुशिक्षित वाचकांपैकी अनेकांना कवितेचा सरळ अर्थही लागलेला नव्हता. कोणी स्वतःच्या आठवणी कवितेत घातल्या होत्या, तर कोणी ठरीव भावना व्यक्त केल्या होत्या. 'काळजाला भिडते' या वाक्याची ही इंग्रजी भावंडेच म्हणायची. चुकीचे वाचन हा केवळ नोकरी करून शिकणाऱ्याचा दोष नाही, हे यावरून दिसते. वाचणाऱ्या प्रत्येकाला तो धोका असतो, आणि दुसऱ्याच्या नजरेखाली आपले वाचन ठेवणे हा त्यावरचा एक चांगला उपाय आहे.

शिवाय सहाध्यायाने परीक्षक व्हावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. गुण देणे, श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे, अंतिम अर्थ सांगणे ही त्याची कामे नव्हेत. दाव्याला आधार आहे की नाही, एवढे पाहणे कविता समोर ठेवून बसलेल्या कोणालाही जमते. जेथे दोघांचे अर्थ जुळत नाहीत, तेथे दोन्ही अर्थ लिहून ठेवावेत आणि समंत्रकांपुढे न्यावेत. चर्चेसाठी असा मतभेद हाती घेऊन आलेले दोन विद्यार्थी संपर्कसत्राचा सूर बदलून टाकतात.

आपल्या काव्यशास्त्राने उत्तम वाचकाला 'सहृदय' हे नाव दिले. अभिनवगुप्तांच्या मते सततच्या काव्याभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. या व्याख्येत जन्म, पदवी किंवा पद यांचा उल्लेख नाही, अभ्यासाचा आहे. सहाध्यायाच्या निबंधावर मन लावून विचारलेला प्रश्न हा त्याच अभ्यासाचा भाग आहे, कारण तो विचारण्यासाठी तुम्हाला कविता पुन्हा वाचावी लागते.

प्रत्यक्ष काय करावे?

पुढील संपर्कसत्रापूर्वी एका सहाध्यायाशी निबंधाची अदलाबदल करा. सोबत कवितेची प्रत असू द्या, तिच्याशिवाय अभिप्राय लिहू नका. पहिल्यांदा हातात पेन न घेता निबंध वाचा आणि 'तुमचे मुख्य म्हणणे मला असे समजले' हे एका वाक्यात लिहा. लिहिणाऱ्याचे म्हणणे वेगळे असेल, तर त्याला पहिली कच्ची जागा तेथेच कळेल. नंतर ज्या वाक्यापाशी तुमचे वाचन अडखळले, अशी दोन किंवा तीन वाक्ये निवडा आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहा. निबंधातील एखादे निरीक्षण आवडले असेल, तर तेही नेमके सांगा : 'शीर्षकातील 'गा'कडे माझे लक्ष गेले नव्हते, ते तुमच्यामुळे गेले.' हे कौतुक 'छान'पेक्षा पुष्कळ मोठे आहे.

अभिप्राय घेणाऱ्याने तो वाचून लगेच उत्तर देऊ नये. एक रात्र जाऊ द्यावी, मग कविता उघडावी आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कवितेत शोधावे. उत्तर सापडले, तर ती ओळ निबंधात घालावी. सापडले नाही, तर दावा मागे घ्यावा किंवा आटोपशीर करावा. सगळे प्रश्न मान्य करण्याचे बंधन नाही, पण प्रत्येक प्रश्नासाठी कवितेकडे एकदा परत जाण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.

या कामाला दोघांचा मिळून तासभर लागेल. पाळी सांभाळून शिकणाऱ्याला तासाची किंमत माहीत असते, म्हणूनच तो तास मी विचारपूर्वक मागतो आहे. परीक्षकाच्या हाती जाण्यापूर्वी तुमचा निबंध एका माणसाने खरोखर वाचलेला असेल, आणि दुसऱ्या कोणाचा तरी निबंध तुम्ही तसाच वाचलेला असेल.